कुणाचा हात न लागता

इस्त्रीवालीचा खांदा मोडला तो दुकानाच्या पायरीवर. कपड्यांचं गाठोडं घेऊन उतरताना पाय सटकला आणि उजव्या खांद्याचे तीनतेरा वाजले. आता दोष असलाच तर पायरीचा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तिच्या लेकीनं काय ठरवलं? आईची मासे धरायची होडी विकायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

लेक वाईट नव्हती हो. दवाखान्यात आईच्या उशाशी बसली, वेणी घातली, घास भरवले. पण भीती एकदा मनात शिरली की ठाण मांडून बसते. "आई, एकटी जातेस चार तळी ओलांडून. मध्येच खांद्यानं दगा दिला तर?" हे रोजचं पालुपद. गिऱ्हाईकही तिनंच शोधलं, धक्क्यासमोरचा हॉटेलवाला. त्याला होडी पाण्यात घालायचीच नव्हती. हॉटेलच्या दारात मांडून, माती भरून, तिच्यात फुलझाडं लावायची होती.

"कुंडी करणार माझ्या होडीची?" इस्त्रीवाली एवढंच म्हणाली. खांदा जुळून ती दुकानात परत उभी राहिली होती, म्हणून बरं, राग काढायला इस्त्री तरी होती. दिवसभर डाव्या हातानं इस्त्री आपटत राहिली. त्या दिवशीच्या शर्टांच्या कॉलरी इतक्या कडक झाल्या की गिऱ्हाइकांना मान वळवता येईना.

बाईचं चुकलं कुठं, सांगा. नवरा गेल्यावर दुकान तिनं एकटीनं ओढलं, लेकीला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं. आठवडाभर वाफ आणि लोकांच्या घड्या. सुट्टीचा दिवस तेवढा तिचा. गळ, डबा आणि गांडुळांची बरणी घेऊन ती उजाडायला निघायची, ती उन्हानं रापून, पोटभर गप्प बसून परत यायची. इथली चारही तळी अरुंद पाणवाटांनी जोडलेली आहेत, त्यांना सगळे बोळ म्हणतात. गाव पहिल्या तळ्यावर, आणि पाणी वाहतं चौथ्याकडे. म्हणजे जाताना मजा आणि येताना सजा. मोठे मासे अर्थातच चौथ्यात. पहिल्यातले हौशी मंडळींनी कधीच संपवलेत.

वर्षातून एकदा तळ्यावर गळाची स्पर्धा असते. मासा धक्क्यावरच्या काट्यापर्यंत जिवंत आणायचा आणि वजन झालं की पाण्यात सोडायचा. इस्त्रीवालीनं तोच दिवस धरून लेकीशी पैज मारली. "चौथ्या तळ्यातला मासा जिवंत आणते. कुणाचा हात न लागता. आणला, तर होडीचं नाव काढायचं नाही. नाही जमलं, तर घेऊन जा म्हणावं त्या फुलवाल्याला."

"एक बोटसुद्धा नाही?" लेकीनं विचारलं.

"एक बोटसुद्धा नाही."

रागाच्या भरात बाई एक गोष्ट साफ विसरली. बोळातून उलट्या पाण्यानं होडी आली, की काठावर असेल त्यानं दोर धरून ती ओढून द्यायची, ही इथली रीत आहे. वैरी असला तरी. दोर नाकारणं म्हणजे आल्या पाहुण्याच्या तोंडावर दार आपटणं. एका नाकारलेल्या दोरापायी इथं ठरलेली सोयरीक मोडली आहे.

स्पर्धेच्या दिवशी चौथ्या तळ्यानं तिला लाज आणली नाही. गळ ओढला गेला तो असा, की होडीच कलली. डावा हात आणि दोन्ही गुडघे कामाला लावून तिनं मासा आत घेतला, पाण्याच्या टबात सोडला आणि वर ओलं पोतं पांघरलं. "जरा कळ काढ बाबा," ती माशाला म्हणाली. हे खरं तर तिनं खांद्याला सांगायला हवं होतं.

पहिल्या दोन बोळांवर नशिबानं चिटपाखरू नव्हतं. शेवटच्या बोळाच्या तोंडाशी मात्र खांदा संपला. वल्हं उचलेना. आणि काठावर, गळ बाजूला टाकून, हात पुढे करून उभा होता तिच्या शेजारच्या दुकानातला टेलर.

"टाक दोर."

"नाही टाकत."

टेलरचा चेहरा पडला. "माझं काय चुकलं? त्या दिवशी चहाला बोलावलं नाही म्हणून?"

"तुझं काही चुकलं नाही. हात तेवढा लावू नकोस." असं म्हणून बाईनं पदर खोचला, कमरेएवढ्या पाण्यात उतरली, दोर डाव्या खांद्यावर घेतला आणि स्वतःच होडी ओढायला लागली.

टेलर काठानं चालत तिला शिव्या घालू लागला. त्याचा आवाज धक्क्यापर्यंत गेला, आणि भांडण कोण सोडतंय? निम्मी स्पर्धा बोळावर जमली. त्यात लेकही धावत आली. नेमका तेव्हाच चिखलात बाईचा पाय रुतला, ती गळ्यापर्यंत खाली गेली आणि होडी दोरासकट तिला मागे खेचायला लागली.

दोराचं मोकळं टोक काठाला, लेकीच्या पायाशी आलं होतं. ती वाकली, तिचा हात गेलाच होता. नुसतं बोट लागलं असतं तरी पैज तिची होती. आईनं पाण्यातून वर पाहिलं. लेकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिनं हात मागं घेतले, पाठीशी घट्ट बांधले आणि गर्दीवर ओरडली, "कुणी हात लावायचा नाही. माझी आई ओढतेय."

मग टेलरला उलगडा झाला. त्यानं "ओढ, बाई, ओढ" अशी आरोळी ठोकली आणि काठावरची सगळी माणसं तिच्यासोबत चालू लागली. चिखलातून पाय निघाला. होडी हलली. बोळ संपला.

काट्यावर माशानं शेपटी अशी हाणली, की पंचाचा चष्मा उडाला. बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं, ते कुणाच्या लक्षातही नाही. इस्त्रीवाली धक्क्यावर भिजल्या अंगानं बसून मोठमोठ्यानं हसत होती, आणि लेक स्वतःच्या ओढणीनं तिचे केस पुसत होती. तेवढ्यात हॉटेलवाला हातगाडी घेऊन आला.

"मग? कधी न्यायची?"

लेकीनं मान वर केली नाही. "कुंडी हवी असेल, तर कुंभाराकडे जा."