व्हायरस न येणाऱ्या कम्प्युटरवर आज भोंगा वाजला

मंडळी, 'यात व्हायरस शिरतच नाही' असं ऐकून कुणी महागडा कम्प्युटर घेतला असेल, तर आजचं हे वाचाच.

दुपारी उंद्रीत माझ्या मित्राच्या, गजाननच्या कृषी केंद्रात बसलो होतो. त्यानं असाच कम्प्युटर घेतलाय. फवारणीच्या औषधांची माहिती शोधता शोधता अचानक भोंगा वाजायला लागला. पडद्यावर लाल पाटी: 'व्हायरस आला, ताबडतोब या नंबरवर फोन करा.'

गड्यानं फोन लावलाही. पलीकडचा माणूस इतका गोड, की गजाननने त्यालाच विचारलं, "जेवण झालं का साहेब?" मग साहेब सांगतील ते बटण दाबत सुटला. दुकानाचं बँक खातं त्याच कम्प्युटरवर चालतं.

फोन स्पीकरवर होता. मी कान दिला, तर साहेबांच्या मागून दुसरा कुणीतरी एका ताईला तेच सांगत होता, शब्दाला शब्द: "घाबरू नका, फक्त 'हो' दाबा."

मी सरळ वायरच उपटली.

"काऊन बंद केलं बे? साहेब व्हायरस काढून राह्यले होते!"

"काढून नाही, स्वतःच शिरून राह्यला होता तो!"

नशीब, शेवटचं 'हो' दाबायचं राहिलं होतं. बँकेत विचारलं, खातं शाबूत आहे. कम्प्युटरही तपासून घेतला. व्हायरस नव्हताच, ती पाटी म्हणजे नुसतं एक वेबपान होतं.

तर गजानन खुश! "पाह्य, मी म्हणलो नव्हतो? याच्यात येतच नाही."

मंडळी, मला तर आता त्या भोंग्यापेक्षा गजाननच्या या भरवशाचीच जास्त धास्ती वाटते. तुमच्याकडे काय परिस्थिती?