कोटातल्या सेनापतीसाठी ढोल

कॉलेजात असताना मी पुण्यात ढोलपथकात होते. लग्न करून दुबईला आले आणि ते सुटलं. इथल्या मंडळाच्या गणपतीत एकदा मी ढोल उचलायला गेले, तर एक गृहस्थ हसत म्हणाले, "वहिनी, तुम्ही झांजा घ्या." झांजा मी घेतल्या नाहीत, पण पुन्हा ढोलही मागितला नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

सिलिकॉन ओएसिस भागात आमच्या खालच्या मजल्यावर एक चिनी बाई राहते. पन्नाशी उलटलेली, एका कंपनीत सेल्स बघते. लहानपणी आठ वर्षं चिनी ऑपेराच्या, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकाच्या, शाळेत होती. शनिवारी सकाळी बिल्डिंगच्या क्लबरूममध्ये ती आणि तिची मित्रमंडळी एका जुन्या लढाईचा खेळ बसवत होती. म्हातारा सेनापती मूठभर माणसांनिशी नदीचा उतार अडवून धरतो, गावकरी पलीकडे पोहोचेपर्यंत. सेनापती तीच. अंगात जरीचं चिलखत नाही, ऑफिसचा करडा कोट. पाठीला मात्र जुन्या रीतीचे चार झेंडे. शत्रूचं सैन्य ऑफिसच्या चाकांच्या खुर्च्यांवरून धावून यायचं.

त्यांच्या ढोलवाल्याची अबू धाबीला बदली झाली. बाल्कनीच्या कठड्यावर मी बोटांनी ठेका धरते, तो तिच्या कानावर पडत असे. लिफ्टमध्ये तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "वाजवतेस?"

"वाजवायचे."

"यल्ला, चल, ये मग."

पहिल्याच दिवशी दोन तारांचं वाद्य वाजवणारे एक आजोबा तिच्याशी बराच वेळ चिनीत बोलले. "म्हणतात, बाहेरची बाई नको. परंपरा," तिने मला सांगितलं.

"त्यांना विचार, सेनापतीचा कोट परंपरेत बसतो का?"

तिने विचारलं असावं. आजोबा तारा जुळवायला लागले, पण पुढचे तीन आठवडे त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

ढोल ताटलीएवढा, आवाज लाकडासारखा खणखणीत, हातात बांबूच्या दोन काड्या. पथकातलं काहीच कामाचं नव्हतं. पण एक गोष्ट कळली आणि मी हटून बसले: या नाटकात सगळे ढोलाच्या हुकमात असतात. मी वाजवल्याशिवाय सेनापती पाऊल टाकत नाही. घरी मी पोळपाटावर सराव करायचे. मुलगी म्हणाली, "आई, सीरियसली? पीपल विल लाफ." मी म्हटलं, "हसू देत."

प्रयोग ऊद मेथा भागातल्या एका सभागृहात होता. सकाळी रंगीत तालमीला तिथला साउंडवाला हिंदीत म्हणाला, "मॅडम, ढोल रेकॉर्डेड लावू या. लाइव्हची रिस्क कशाला?"

"रेकॉर्डिंगला तिचा पाय दिसतो का?" मी विचारलं. "ती कधी थांबेल, कधी वळेल, ते मी बघून वाजवते."

"पण मॅडम, शेड्यूल…"

"खलास. ढोल मीच वाजवणार."

आजोबांना भाषा कळली नव्हती, भांडण मात्र कळलं. माझ्या शेजारी येऊन त्यांनी आपलं वाद्य पेटीत घातलं, झाकण लावलं आणि पेटीवरच बसून राहिले. साउंडवाल्याने दोघांकडे पाहिलं आणि माझ्यासमोर माइक आणून ठेवला.

संध्याकाळी प्रयोगात, शेवटच्या लढाईत माझी चूक झाली. एक ठोका आधी पडला आणि खुर्च्या घरंगळत लवकर आत आल्या. सेनापती एका पायावर उभी, झेंडे थरथरत होते. काड्या खाली ठेवाव्यात असं क्षणभर वाटलं. मग मी फक्त तिच्या वर उचललेल्या बुटाकडे बघत राहिले. ती तशीच तोल धरून राहिली, तिने मला सावरू दिलं. बुटाचं टोक हललं, मी ठोका दिला आणि ती त्या खुर्च्यांमध्ये अशी घुसली की त्या खरोखरच मागे सरकल्या.

प्रयोगानंतर एक चिनी प्रेक्षक मुद्दाम मला भेटायला आला. अगदी नम्रपणे त्याने माझी चूक नेमकी कुठे झाली ते सांगितलं.

"हो, झाली," मी म्हटलं. "पुढच्या प्रयोगाला या. त्यातही मीच वाजवणार आहे."