भिंतीकडचा खुंट

आमच्या रोपांच्या नर्सरीत तिला सगळे आत्याच म्हणायचे, मालकसुद्धा. तिच्या भावाची बायको बाळंतपणात गेली आणि भावाने दहा दिवसांची पोर हिच्या ओटीत टाकली, तेव्हापासूनचं हे नाव. पोरीपायी हिचं लग्न राहिलं. भाऊ परगावी कामाला, वाढदिवसाला आला तर आला.

आत्याचं काम कलमांचं. पानांचा निवडुंग तुम्ही पाहिला नसेल. त्याला साध्या वेलीसारखी पानं असतात, काटे मात्र अस्सल. त्याचा शेंडा उडवायचा, खाच पाडायची आणि वर फुलांच्या निवडुंगाचा तुकडा बसवायचा. खालचा तो खुंट. खुंटाला स्वतःचं पान फुटलं की लगेच खुडायचं, नाहीतर वरचं कलम उपाशी राहतं. खुडलेली पानं आत्या घरी नेऊन भाजी करायची. पोर त्या भाजीवरच वाढली.

मी शेजारी कुंड्या भरायची. पोरीने एकदा विचारलं, "आत्या, याला स्वतःची फळं येत नाहीत का गं?"

"येतात की. पिवळी, आंबटगोड. आपण येऊ देत नाही."

"एकाला तरी येऊ दे ना. मला खायचीत."

"बघू," आत्या म्हणाली.

पोर नऊ वर्षांची झाली आणि भावाने दुसरं लग्न केलं. महिन्याभरात न्यायला हजर. पोरीने आत्याच्या कमरेला घट्ट मिठी मारली. आत्याने तिची बोटं एकेक करून सोडवली. मी नंतर तिला फाडफाड बोलले. "तोंडाला कुलूप होतं का? राहू दे म्हणाली असतीस तर तो काय पोलीस आणणार होता?"

"पोरीला आई मिळतेय," एवढंच ती म्हणाली.

त्या महिन्यात तिने एकही पान खुडलं नाही. चाळीस कलमं सुकली. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मालक चिडला, पण तिचा चेहरा बघून आल्या पावली परत फिरला.

वरची कलमं सुकली तरी खालचे खुंट हिरवेच होते. त्यातला एक तिने मागच्या भिंतीकडे लावला आणि वाढू दिला. तिसऱ्या वर्षी त्याला फळं आली. आत्याने काट्यांतून ती काढली, डब्यात भरली आणि ठेवणीतले कपडे घालून निघाली. सोबत मला घेतलं. बसमध्ये दोनदा विचारलं, "ओळखेल ना गं?"

"तुला नाही तर कुणाला ओळखेल?"

दार पोरीनेच उघडलं. उंच झाली होती, केस कापले होते. आतून आवाज आला, "कोण आलंय गं?"

"आई, बाबांची बहीण आलीये."

नातं काही चुकीचं सांगितलं नव्हतं. आत्या म्हणजे बापाची बहीणच. पोरीने डबा घेतला, थँक्यू म्हणाली आणि चपलांच्या कपाटावर ठेवला.

परतताना आत्या एकच वाक्य बोलली. "आईला आई म्हणते, बरं झालं."

दुसऱ्या दिवशी मी कामावर पोचले तर भिंतीवरचा वेल वीतभर ठेवून छाटलेला होता. आत्या चाकूने त्यात खाच पाडत होती.

"अगं, वर अजून फळं होती," मी म्हणाले.

"खुंट चांगला आहे," ती मान वर न करता म्हणाली. "वाया कशाला घालवायचा?"