लाल तांदूळ

"थुक," देशमुख म्हणाले.

मी थुंकले. पानावर तांदूळ पडले ते लाल. बघणारे दोन पावलं मागं सरकले.

निजामाचं राज होतं. आमच्या बोरीकडं तवा रीत होती. घरात चोरी झाली की गडीमाणसांनी मंत्रलेले तांदूळ चघळायचे आणि पानावर थुंकायचे. ज्याचे कोरडे न्हाईतर रक्ताळलेले निघतील, तो चोर. देशमुखाच्या घरातली नथ गेलेली. मी तिथं भाकऱ्या थापायची. सोळाची असंल.

माझं तोंड लहानपणापासून आलेलं. गालात आतून चिरा, हिरड्या सुजलेल्या, ओठाचे कोपरे फाटलेले. पोटात कळ उठायची, सारखं टमरेल घेऊन पळायचं. पोट बिघडलं की तोंडात आग. कच्चे तांदूळ चघळल्यावर रक्त येणार न्हाई तर काय?

हे मालकीणबाईला ठावं होतं. मला आक्का म्हण, असं तिनंच सांगितलेलं. माझ्यापुरतं बिनतिखटाचं वरण ती बाजूला काढायची. गालाला लोणी तिच्या बोटानं लावायची.

मी तिच्याकडं बघितलं. हिचं तोंड आलंय, एवढंच बोलायचं होतं. तिनं पदर सारखा केला आणि खाली बघत राहिली. घात केला तिनं माझा.

देशमुख म्हणाले, अमीनाच्या, म्हंजी निजामाच्या फौजदाराच्या, हवाली करत न्हाई. उंबऱ्यावर नाक घास, कबूल हो, कामाला राहा. माझी मायसुदीक म्हणाली, घास बाई. मंग आक्का बोलली, लय मऊ आवाजात.

"घास गं. मी हाय ना."

डोकंच फिरलं माझं. ते पान उचललं, तिच्या पायाशी ठिवलं.

"आक्का, हे रक्त कशाचं ते तुमाला ठावं हाय. मी नाक घासणार न्हाई."

निघून आले. नथ कुठं गेली, आजतागायत कळलं न्हाई.

लय वर्षांनी परभणीच्या डॉक्टरीणबाईनं रोगाचं नाव सांगितलं. क्रोन्स. आतड्याचा आजार, पण तोंडातही फोड उठवतो, म्हणाली. मला हसू आलं. नाव सोडलं तर आक्काला सगळं तवाच माहीत होतं.

आक्का तवा अंथरुणाला खिळलेली. तिनं माणूस धाडला, एकदा भेटून जा, माफ कर. मी उलटा निरोप दिला, चार माणसांत सांगा, पोरीचं तोंड आलेलं होतं. मंग येते.

ती बोलली न्हाई. मी गेले न्हाई. तिच्या मातीलाही न्हाई.