रेतीत रोवलेली काडी

आमच्या अंजूरच्या बालवाडीत रेती-पाण्याचं टेबल आहे हे ऐकून कोनहून, भिवंडीहून आया येतात आणि विचारतात, असलं टेबल घरी घ्यावं का, फायदे काय, तोटे काय. मी इथली मदतनीस. ते टेबल रोज मीच पुसते, तेव्हा मला विचारतात ते बरोबरच आहे. मी त्यांना बालवाडी चालवणाऱ्या पूर्वीताईच्या कपाळावरची खूण दाखवते.

फायदे आहेतच. एका बाजूला रेती, दुसऱ्या बाजूला पाणी, सोबत मग, गाळणी, पत्र्याची डबडी. वर्षभर तोंड न उघडलेलं पोर तिथे बडबडायला लागतं, बोटं वळायला लागतात आणि आम्हाला जरा उसंत मिळते. तोटे म्हणाल तर कपडे भिजतात, डोळ्यांत रेती जाते, पाणी रोज ओतून टाकलं नाही तर डास होतात. एवढं सगळेच सांगतील. आमच्या गावातला तोटा वेगळा आहे.

पूर्वीताई ही नामा भोईरची मुलगी. नामा खाडीत रेती काढायचा. तेव्हा खाडीच्या तळात बांबूची लांब काठी रोवायची, तिला धरून बुडी मारायची आणि बादली भरून वर यायचं, अशी रीत होती. ज्याची काठी आधी, त्याची जागा. एका सकाळी त्या जागेवरून नामाची आणि चांगदेव म्हात्रेची जुंपली. चांगदेवने वल्ह्याने नामाचं डोकं फोडलं आणि तो बुडत असताना पुन्हा हाणलं. होडीतल्या माणसांनी ते पाहिलं आणि मूग गिळून बसली. चांगदेव कोर्टातून सुटला. वर गावभर झालं की नामानेच दुसऱ्याची काठी उपटून आपली रोवली होती.

तेव्हापासून पूर्वीताई म्हणजे काठीचोराची पोर. शाळेत मुलं तसं चिडवायची आणि ती त्यांना कडकडून चावायची. पुढे लग्नाची बोलणीही त्याच एका शब्दावर मोडली. बापाला मारणारा मोकळा फिरतो याची चीड होतीच, पण बाप चोर ठरला हे तिला आतून जाळत होतं. कुणीतरी एकदा खरं बोलावं, एवढंच तिला हवं होतं.

असल्या बाईने बालवाडीत रेतीच का आणावी? मी तोंडावर विचारलं होतं. ती म्हणाली, "रेती म्हनजे खेळाची वस्तू हाय, हे या गावात कुनाला तरी कळाया पायजे." चांगदेवच्या नातवाला, दीपेशलाही तिने घेतलं. मी तिच्या जागी असते तर दारातूनच हाकलला असता.

त्या दिवशी दीपेशने आइस्क्रीमची काडी रेतीत रोवली आणि म्हणाला, "ही जागा आमची." हे त्याला कोणत्या घरात ऐकायला मिळालं ते सांगायला नको. ताईची भाची ऋतिका समोरच होती. तिने काडी उपटून पाण्यात फेकली. दीपेशने पत्र्याचं डबडं तिच्या भुवईवर हाणलं. रक्त डोळ्यात उतरलं तरी तिने त्याला खाली पाडून त्याच्या तोंडात मूठभर रेती कोंबली. आम्ही दोघींनी ओढून सोडवलं तोवर टेबलावरचं पाणी लाल झालं होतं.

सुटायची वेळ होती. चांगदेव नातवाला न्यायला आला तो थेट आत शिरला. पलीकडच्या गोदामातून ऋतिकाचा बाप मनोज, म्हणजे ताईचा भाऊ, किंकाळी ऐकून पहार घेऊन धावत आला. रक्ताने माखलेली पोर आणि शेजारी चांगदेव, एवढं दिसल्यावर त्याने काही विचारलंच नाही. त्याने म्हाताऱ्याला असा बुक्का मारला की तो टेबलावर कोसळला, टेबलाचा पाय मोडला आणि रेती-पाणी सगळं त्याच्या अंगावर आलं. मनोजने त्याला बरगडीत लाथा घातल्या. "माझा बाप खाल्लास, आता पोर खातोस?" म्हणत त्याने पहार उचलली.

ताई मधे शिरली. पहार तिच्या कपाळावर बसली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मनोजच्या हातून पहार गळली आणि तो भिंतीला धरून खाली बसला.

ताई पडली नाही. तिचं रक्त चांगदेवच्या सदऱ्यावर ठिबकत होतं. "तुला मरू दिला असता," ती म्हणाली. "पन पोरं बघतान."

चांगदेवने तोंडातली रेती आणि एक दात थुंकला. "पूर्वी," तो हळू म्हणाला, "काठी आधी तुज्या बापानंच रोवली व्हती. उपटली ती मी."

"मोठ्यानं बोल. सगल्यांना ऐकू दे."

दारात मुलांना न्यायला आलेल्या आया उभ्या होत्या. त्यांच्यासमोर तो पुन्हा बोलला, मोठ्याने. ताईने त्याच्या थोबाडीत एक सणसणीत ठेवून दिली आणि ऋतिकाची भुवई धुवायला गेली. मुलांसमोर हात उचलू नये हे मला कळतं. पण मला फार बरं वाटलं.

मनोजनेच टेबलाचा पाय ठोकून बसवला. त्यानंतर मुलं यायच्या आत ताई सगळी रेती चाळू लागली, एक काडी ठेवत नव्हती. तिच्या कपाळाचे टाके निघाल्यावर दीपेश पुन्हा येऊ लागला. आल्या आल्या त्याने खिशातून काडी काढली आणि रेतीच्या मधोमध रोवली. ऋतिका मूठ आवळून पुढे झाली.

"ही नामाआज्याची जागा हाय," दीपेश तिला म्हणाला. "हिला कुनी हात लावाचा न्हाय."

ऋतिकाने मूठ सोडली. ताईने ती एक काडी मात्र अजून फेकलेली नाही. रेती चाळून झाली की ती स्वतःच्या हाताने पुन्हा तिथेच रोवते.