नव्या एक्स-रे मशीनची लिंबू-मिरची

आज आमच्या दवाखान्यात नवं एक्स-रे मशीन बसलं. बसवून घ्यायची जबाबदारी माझी, आणि सकाळपासून ते दोनदा बंद पडलेलं.

तिसऱ्यांदा चाललं. पहिले पेशंट चौसाळ्याचे काका, खोकल्यासाठी आलेले. फोटोत त्यांच्या छातीत वाकडी तार दिसली.

डॉक्टर म्हणाले, "काका, तार गिळली का?"

"न्हाई ओ. सकाळपासून निस्ता चहा पिलोय."

आत जाऊन बघतो तर मशीनच्या तोंडासमोर तारेत ओवलेली लिंबू-मिरची लटकत होती.

सफाईवाल्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "मीच बांधली. तवापासून बंद पडलं का?"

पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं ती सोडली आणि गुपचूप स्वतःच दाराला बांधली.

आता तुम्हीच सांगा, रिपोर्टात 'बिघाड कशानं दुरुस्त झाला' या रकान्यात मी काय लिहू?