सुभेदारांचा रविवार

दिवसभर लोकांच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यांवर स्टिकर चिकटवायचे आणि दर सोमवारी त्याच लोकांना 'या आठवड्यात अमुक गोष्टीचा फोटो काढा' असं फर्मान सोडायचं, असा माणूस मी एकच पाहिला. आमचे सुभेदार. चाकणच्या आमच्या कंपनीत ते गेटचे मुख्य. फौजेतून निवृत्त होऊन आले म्हणून सुभेदार; खरं नाव फक्त पगारपत्रकात. शिफ्टला आत शिरताना आम्ही फोन पुढे करायचा, ते पुढच्या-मागच्या कॅमेऱ्यावर लाल गोल स्टिकर दाबून बसवायचे आणि म्हणायचे, "चला, आता नुसत्या डोळ्यांनी बघा."

त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'रविवारचे फोटो'. त्यात आम्ही कंपनीतले काही जण, आमच्या घरची मंडळी, देहूरोडचे त्यांचे दोन जुने सोबती आणि गेटसमोरचा चहावाला. सोमवारी विषय यायचा, रविवारी दुपारपर्यंत प्रत्येकाने एक फोटो टाकायचा. स्वतः काढलेला, त्याच आठवड्यातला. फुलं आणि सूर्यास्त बंद. "ते सगळीकडं सारखंच असतं," ते म्हणायचे. "तुमच्या घरातली चप्पल मला दुसरीकडं बघायला मिळणार न्हाई."

'डबा' या विषयाला मी माझा उघडा डबा टाकला होता. कडेला कारल्याची भाजी, हात न लावलेली. ती भाजी मी रोज मिटक्या मारत संपवतो असं घरी सांगत आलो होतो आणि बायको त्याच ग्रुपमध्ये आहे हे मला फोटो गेल्यावर आठवलं. सुभेदारांनी खाली अभिप्राय दिला, "फोटो चांगला. माणूस गेला."

तरी माझी खोड मोडली नाही. एका आठवड्यात विषय आला 'रांग'. शनिवारी दुसऱ्या शिफ्टला असेंब्लीत ट्रॉल्या एकामागे एक अशा लागल्या होत्या, वरच्या पत्र्यातून ऊन तिरपं पडलं होतं, आणि माझ्यातला कलावंत उसळला. नखाने स्टिकर उचकटला, फोटो काढला, स्टिकर पुन्हा दाबून बसवला. गेटवरच्या नव्या माणसाने बाहेर पडताना वरवर पाहून सोडलं. रविवारी बारा वाजता मी फोटो टाकला. पटापट बदाम आले.

तीन मिनिटांत सुभेदारांचा फोन. "साहेब, घरी हाय का?"

"आहे की. आवडला का फोटो?"

"तिसऱ्या ट्रॉलीवर काय हाय ते बघितलं का?"

मी फोटो मोठा केला. तिसऱ्या ट्रॉलीवर एका गाडीचा पुढचा भाग होता. ही गाडी अजून बाजारात यायची होती. तिची बाहेर वाच्यता करायची नाही अशी सही आम्ही सगळ्यांनी दिली होती. सात वर्षं कंत्राटावर काढून मी नुकताच कायम झालो होतो.

"बसा तिथंच," ते म्हणाले. बघता बघता ग्रुपमधून फोटो गेला. पाठोपाठ मीही गेलो.

"तुम्हाला काढलंय," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "आता काय केलंत?"

संध्याकाळी सुभेदार दारात उभे. शर्ट घामाने भिजलेला, बगलेत गेटवर असतं तसलं लांब रजिस्टर. दुपारपासून स्कूटरवर तळवडे, देहूरोड, आळंदी करत ते ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या घरी गेले होते. ज्याच्या फोनमध्ये फोटो उतरला होता त्याला तो डोळ्यांदेखत काढायला लावला, पुढे कुणाला पाठवला नाही ना हे विचारलं आणि रजिस्टरात नाव, वेळ आणि सही घेतली. आमचं घर शेवटचं. बायकोने सही केली, मी केली. पाणीसुद्धा न घेता ते म्हणाले, "उद्या नवाला मोठ्या साहेबांकडं. तुम्ही बोलायचं, मी शेजारी उभा राहतो."

"सुभेदार, आता कुणाकडेच फोटो नाही. मिटलं की."

"मिटवलं मी. पन झालंच न्हाई असं मी म्हणनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर, रात्रभर घोकलेलं सगळं विसरून मी सुरुवात केली, "सर, विषय रांग होता."

"कसला विषय?"

सुभेदारांनी रजिस्टर पुढे सरकवलं आणि सांगितलं, ग्रुप माझा आहे, जी काय शिक्षा ती दोघांना. साहेब एकेक ओळ वाचत गेले. एका ठिकाणी बोट थांबलं. "हा अंगठा कुणाचा?"

"ह्यांच्या सासूबाईंचा. त्यांच्या फोनवर पन उतरला होता."

साहेबांनी तोंडावर हात धरला. मग आम्हाला बाहेर बसवून त्यांनी ती गाडी ज्यांची होती त्या ग्राहक कंपनीला फोन लावला. बाकावरच्या त्या अर्ध्या तासात मी भिंतीवरचं सुरक्षा सप्ताहाचं पोस्टर तोंडपाठ केलं. आत बोलावलं तेव्हा दोघांसाठी लेखी ताकीद तयार होती. बाकी काही नाही. बाकी काही नाही हे मी साहेबांना दोनदा विचारून घेतलं. शेवटी सुभेदारांनीच दंडाला धरून मला बाहेर आणलं.

समोरच्या टपरीवर त्यांनी दोन चहा सांगितले. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. राजीनामा होता, स्वतःचा. त्याचे चार तुकडे करून त्यांनी ते पुन्हा खिशात ठेवले.

"तुम्ही कशाला घाबरलात? चूक माझी होती," मी म्हणालो.

"नोकरीचं काय न्हाई राव. ग्रुप बंद करायला लावतील, ह्ये भ्या होतं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मंडळी गावी असते. माझ्या आईला सोडून निघता येत न्हाई तिला. रविवारी तुमचे सगळ्यांचे फोटो मी तिला पाठवतो, ते बघितल्याबिगर जेवत न्हाई. कुणाच्या घरात काय शिजलं, कुणाची पोरगी केवढी झाली, सगळं तिला तोंडपाठ हाय. तुमचं कारलं बी." मग ग्लास ठेवून म्हणाले, "काल ह्या धावपळीत पाठवायचेच ऱ्हायले. ती उपाशीच झोपली."

चार रविवार मला बाहेर ठेवून त्यांनी परत घेतलं. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि गावी गेले. सोमवारचा विषय आता त्यांची मंडळी, म्हणजे आमच्या काकू, देतात. पहिलाच विषय होता 'ताट'. त्या रविवारी सुभेदारांचा फोटो आला, आणि तोवर त्यांनी स्वतः काढलेला एकही फोटो टाकला नव्हता हे माझ्या ध्यानात आलं. चुलीशेजारी तीन ताटं, एक आईचं, दोन समोरासमोर. हात हलला होता, एका ताटाची कड कापली गेली होती.

खाली काकूंनी लिहिलं होतं, 'जेवा आता.'